घरी बांधलेलं विमान आणि चुकीच्या जागची भीती

उरणजवळच्या करंजाच्या बंदरात होडी कुणी बांधली, हे विचारून कुणी तिच्यात पाय ठेवत नाही. सुतारानं किनाऱ्यावर उभी केलेली होडी नारळ वाढवून पाण्यात उतरते आणि मग तिच्या भरवशावर माणसं खोल समुद्रात रात्री काढतात. पण त्याच बंदरावर कुणी सांगितलं, की अमक्यानं गच्चीवर विमान बांधलंय, तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ते पडणार कधी, आणि कुणाच्या डोक्यावर?

पनवेलजवळच्या नवी मुंबई विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. उरण-पनवेल पट्ट्याला विमान आता रोजचं होईल. घरी बांधलेल्या विमानाबद्दलची शंका मात्र त्यानं जाणार नाही, आणि जाऊही नये. ती शंका रास्त आहे. फक्त तिचं बोट बहुतेक वेळा चुकीच्या जागी असतं. योग्य जागा दाखवण्याचं काम घरी विमानं बांधणाऱ्यांचे आपापसातले विनोद करतात, आणि ते विनोद आपण समजून घ्यावेत असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्राला हा विषय कळला तो कॅप्टन अमोल यादव यांच्यामुळे. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले, पेशानं वैमानिक. कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचं विमान बांधलं. सुटे भाग जिन्यानं वर चढवले, जड वस्तू क्रेननं. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला, तेव्हा ते विमान सुटं करून क्रेननं गच्चीवरून खाली उतरवलं आणि लोकांसमोर मांडलं. जगभरच्या हौशी बांधकाम करणाऱ्यांमध्ये एक जुना विनोद आहे : तळघरात विमान बांधून झालं, आणि मग दरवाजा मोजला. यादवांच्या बाबतीत दरवाजाच नव्हता, आकाश होतं.

खरी कसोटी त्यानंतर लागली. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं म्हणजे ‘डीजीसीए’नं विमानाची नोंदणी केली. क्रमांक मिळाला व्हीटी-एनएमडी. फेब्रुवारी २०१८ मध्ये राज्य सरकारनं यादवांच्या कंपनीशी पालघर जिल्ह्यात विमान कारखाना काढण्याचा ३५,००० कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला. उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये हातात पडला, आणि धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणीचं छोटं उड्डाण झालं ते ऑगस्ट २०२० मध्ये. लोकांनी विमान पाहिलं आणि विमानानं जमीन सोडली, यात साडेचार वर्षं गेली. कराराचे आकडे मोठ्या मथळ्यांत छापून आले. पण असं विमान तपासायचं कसं, त्याची चाचणी कुठे आणि किती तास घ्यायची, ही चर्चा त्या मथळ्यांच्या जवळपासही कुठे झाली नाही. मला त्या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत जास्त खटकते.

आता भीतीकडे वळू. पहिली भीती पंख तुटण्याची. दुसरी, इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येईल ही. दुसरीचं उत्तर सोपं आहे. पंखाला उचल मिळते ती हवेतून पुढे जाण्यामुळे. इंजिन फक्त पुढे ढकलतं. इंजिन थांबलं तर वैमानिक नाक थोडं खाली घेतो, उंची खर्चून वेग राखतो आणि विमान तरंगत खाली येतं. चार आसनांचं नेहमीचं छोटं विमान हजार मीटर उंचीवरून साधारण आठ-नऊ किलोमीटर असं जाऊ शकतं. करंजावर इंजिन बंद पडलं, तरी एवढ्या उंचीवरून खाडी ओलांडून रेवसच्या पलीकडे सहज पोहोचता येईल.

धोका आहे तो वैमानिक घाबरून नाक वर ओढतो तेव्हा. पंख हवेला साधारण पंधरा अंशांहून जास्त तिरका झाला, की त्याच्या पाठीवरून वाहणारी हवा सुटते आणि उचल एकदम कोसळते. यालाच ‘स्टॉल’ म्हणतात. त्याच्याशी इंजिनाचा संबंध नाही. नुकतंच उड्डाण केलेलं विमान, शंभर-दीडशे मीटर उंची, इंजिन गप्प, आणि मागे दिसणारी धावपट्टी वैमानिकाला बोलावते आहे : वळण्याचा हाच मोह जीव घेतो. म्हणूनच वैमानिकांमध्ये एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या फिरतं. तीन गोष्टी निरुपयोगी : मागे राहिलेली धावपट्टी, डोक्यावर राहिलेली उंची आणि टँकरमध्ये राहिलेलं इंधन. ऐकणारा हसतो, पण त्या एका वाक्यात अर्धं अपघातशास्त्र आहे. दुसरा विनोद पंख्याबद्दलचा. पुढचा पंखा वैमानिकाला गार ठेवण्यासाठी असतो म्हणे. विश्वास नसेल तर तो बंद करा आणि वैमानिकाला किती घाम फुटतो ते बघा. इंजिन कधीतरी थांबेल हे गृहीत धरूनच उडायचं, एवढं हा विनोद शिकवतो.

आकडे काय सांगतात? घरी विमान बांधण्याची हौस सर्वांत जास्त रुजली आहे ती अमेरिकेत. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी तिथे ‘एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संघटना काढली. ऑशकॉश गावात तिचा मोठा मेळावा दरवर्षी भरतो. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानं, ‘एनटीएसबी’नं, २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी आणि हौशी उड्डाणाच्या ताफ्यात ही विमानं सुमारे १० टक्के. पण २०११ मधल्या त्या गटाच्या अपघातांत त्यांचा वाटा साधारण १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के. तेव्हा भीतीला आधार नाही असं कुणी म्हणू नये. धोका जास्त आहे.

पण कारणं वाचली की चित्र बदलतं. पंख गळून पडणं किंवा सांगाडा मोडणं ही मुख्य कारणं नाहीत. इंजिन आणि इंधनव्यवस्थेतले बिघाड, आणि हवेत विमानावरचा ताबा सुटणं, ही दोन कारणं वरची. त्याहून लक्षात ठेवण्यासारखं असं, की अपघातांतली निम्म्याहून जास्त विमानं चालवणाऱ्यानं स्वतः बांधलेली नव्हती. ती विकत घेतलेली, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी बांधलेली होती. नव्या विमानाचं पहिलं उड्डाण जितकं जोखमीचं, तितकंच जुन्या विमानाचं नव्या मालकाच्या हातातलं पहिलं उड्डाणही.

गायक जॉन डेन्व्हर यांचा मृत्यू याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात त्यांचं ‘लाँग-ईझी’ विमान कोसळलं. बर्ट रुटान यांची ही गाजलेली रचना. त्याच रुटान यांच्या ‘व्हॉयेजर’नं १९८६ मध्ये न थांबता, वाटेत इंधन न घेता पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. डेन्व्हर यांचं विमान दुसऱ्या कुणीतरी बांधलेलं होतं. बांधणाऱ्यानं इंधनाची टाकी बदलण्याचा खटका मूळ आराखड्यातल्या जागेवरून हलवून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. हेतू चांगला : इंधनाच्या नळ्या बसायच्या जागेत नकोत. पण आता खटका फिरवायला वैमानिकाला आसनात मागे वळावं लागे. एका टाकीतलं इंधन संपत आलं, हात मागे गेला, शरीर वळलं, आणि विमान उपसागरात गेलं. तपासानं दोष दिला तो खटक्याच्या या गैरसोयीच्या जागेला आणि अपुऱ्या सरावाला. हे विमान हवेत मोडलं नव्हतं. तरीही ‘घरचं विमान म्हणजे पंख तुटणार’ हीच समजूत टिकून आहे.

विमानाची रचना चुकू शकते, हेही खरं. १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये आँरी मिन्ये यांनी ‘पू-दू-सिएल’ नावाचं चिमुकलं विमान काढलं, १९३४ मध्ये त्याचं पुस्तक छापलं आणि युरोपभर सामान्य माणसं लाकूड-कापड घेऊन कामाला लागली. ब्रिटनमध्येही त्याचं वेड पसरलं. मग माणसं मरू लागली. १९३६ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्समध्ये हवाबोगद्यात चाचण्या घेतल्या, तेव्हा कळलं की एकामागोमाग ठेवलेल्या दोन पंखांमुळे विमान एकदा तीव्र कोनात नाक खाली करून गेलं, की वैमानिकाला ते वर काढता येत नाही. सुतारकाम उत्तम असूनही ते विमान मारत होतं. असा दोष बांधणाऱ्याच्या डोळ्यांना दिसत नाही, शेजाऱ्याच्याही नाही. तो चाचणीतच सापडतो. कारखान्यातून आलेल्या भागांचंही तेच. ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ ही अमेरिकी कंपनी विमानाचे सुटे भाग पेटीत भरून विकते आणि तिची १०,००० हून अधिक विमानं उडालेली आहेत. २०२३ मध्ये तिच्या लेझरनं कापलेल्या पत्र्यांच्या छिद्रांना तडे जाऊ लागले. घरोघरी रिव्हेट बसवणाऱ्यांना ते दिसले, त्यांनी आवाज उठवला. त्या वर्षाच्या डिसेंबरात कंपनीला दिवाळखोरी संरक्षण मागावं लागलं.

अमेरिकेतले नियम मला म्हणूनच पटतात. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसानं, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी बांधलेला असला पाहिजे. दारापाशी मोठ्या अक्षरांत ‘एक्स्परिमेंटल’ लिहिलेलं असलं पाहिजे. आत बसणाऱ्याला दिसेल अशी पाटी हवी, की हे विमान नेहमीच्या प्रमाणित विमानांचे सुरक्षा नियम पाळत नाही. आणि सुरुवातीचे ठरावीक तास, साधारण २५ किंवा ४०, दाट वस्तीपासून दूर, प्रवाशाशिवाय उडवायचे. खालच्या लोकांच्या डोक्याचं काय, या करंजाच्या प्रश्नाचं उत्तर या शेवटच्या नियमात आहे. आणि या सगळ्याहून मोलाची अशी एक व्यवस्था ‘एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’नं स्वयंस्फूर्तीनं उभी केली आहे : अनुभवी बांधकाम करणारे आणि वैमानिक नव्या माणसाच्या गॅरेजमध्ये जाऊन, पत्रा झाकला जाण्याआधी आतलं काम बघतात, आणि पहिल्या उड्डाणाआधी तो स्वतः तयार आहे का हेही विचारतात. ‘हवेत असून जमिनीवर असायला हवं होतं असं वाटण्यापेक्षा, जमिनीवर असून हवेत असायला हवं होतं असं वाटलेलं बरं’ हे त्यांचं लाडकं वाक्य आहे. उड्डाण पुढे ढकलणाऱ्याला लाज वाटू नये, म्हणून ते हसत म्हणतात.

आपल्याकडे हे वाक्य सांगणारा कुणी नसतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत एका चोवीस वर्षांच्या वेल्डरनं स्वतःच्या कमाईतून एक आसनी हेलिकॉप्टर बांधलं. शाळा आठवीत सुटलेली. ऑगस्ट २०२१ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या काही दिवस आधी, तो रात्री जमिनीवरच त्याची चाचणी घेत होता. मागचा पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला, पातं त्याच्या डोक्याला लागलं आणि तो गेला. हेलिकॉप्टर जमिनीवरच होतं. त्या रात्री तिथे एखादा माणूस हवा होता, जो म्हणाला असता : आज नको, आधी पातं वेगळं फिरवून बघू, आणि तू आत बसू नकोस. ते सांगणारा अभियंता यवतमाळ जिल्ह्यात नक्की होता. त्याला त्या तरुणाच्या गॅरेजपर्यंत नेणारी वाट नव्हती. बातम्यांनी त्या तरुणाला हुशार म्हटलं. त्याच्या पात्याकडे कुणी बघितलं नाही.

करंजाच्या आकाशात अशी हौस करायला जागा नाही, हे उघड आहे. इथे नौदलाचा शस्त्रसाठा आहे, पलीकडे मुंबईचं गजबजलेलं हवाई क्षेत्र, मागे नवं विमानतळ. पण धुळ्यासारख्या कमी वापरातल्या धावपट्ट्या राज्यात आहेत, तिथे चाचणीचे तास ठरवून देता येतील. अभियांत्रिकी महाविद्यालयं आणि आयटीआय राज्यभर आहेत. निवृत्त विमान देखभाल अभियंतेही आपल्यात आहेत. डीजीसीए आणि राज्य सरकारनं या तिघांना जोडणारी एक साधं तपासणी मंडळ उभारावं, ज्याच्याकडे बांधणारा शिक्षेच्या धास्तीविना जाऊ शकेल. आणि तुमच्या गावात कुणी शेडमध्ये पंख बसवत असेल, तर हसण्याआधी किंवा हार घालण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारा : इंधनाचा खटका कुठे आहे, इंजिन थांबलं तर उतरणार कुठे, आणि हे काम दुसऱ्या कुणी जाणत्या माणसानं बघितलंय का?