कापसाचा धागा आणि पेशीचे माप

दिवाळीच्या सुमारास आदिलाबाद जिल्ह्याच्या काळ्या रानात बोंडे फुटतात आणि वेचणीची लगबग सुरू होते. सरकीवरील प्रत्येक धागा ही एकच पेशी होय, हे वेचणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल? फूल उमलते त्या सुमारास सरकीच्या सालीवरील हजारो पेशी लांबू लागतात. सुमारे तीन आठवड्यांत त्या अडीच-तीन सेंटिमीटर होतात. पण दुभागत मात्र नाहीत.

इतर पेशींची रीत निराळी. कापसाच्या मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशी प्रथम वाढतात व पुरेशा मोठ्या झाल्या म्हणजे दुभागतात. घाई केली तर पिढ्यान्‌पिढ्या त्या लहान होत जातील. विलंब केला तर अवाढव्य होतील. पेशीजवळ ना डोळे, ना मापपट्टी. मग ‘आता पुरे’ हे तिला कळते कसे?

घरातलेच उदाहरण घेऊ. ताकात चिमूटभर मीठ घालून वर पाणी ओतीत गेले, तर मीठ तेवढेच राहते. खारटपणा मात्र उतरतो. पेशीतही विभाजनास अटकाव करणारे एक प्रथिन असते. पेशी वाढते, पण हे प्रथिन त्या मानाने वाढत नाही. ते विरळ झाले की अटकाव सैल पडतो आणि पेशी दुभागण्याच्या मार्गास लागते. पाव फुगविणाऱ्या यीस्टमध्ये हे २०१५ साली दिसून आले. मानवी पेशींत ‘आरबी’ नावाचे प्रथिन असेच काम करते, असे २०२० साली आढळले.

या प्रथिनाला नाव मिळाले ते लहान मुलांच्या डोळ्यांतील ‘रेटिनोब्लास्टोमा’ या कर्करोगावरून. दृष्टिपटलाच्या पेशीत आरबीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या म्हणजे अटकाव नाहीसा होतो व गाठ वाढू लागते. हा रोग बहुधा पाच वर्षांच्या आतील मुलांना होतो. दिव्याच्या उजेडात किंवा छायाचित्रात बाळाची बाहुली पांढरी चमकणे, अथवा डोळा तिरळा होणे, ही त्याची लक्षणे होत.

असे दिसल्यास मातापित्यांनी दृष्ट काढीत बसू नये. त्याच आठवड्यात नेत्रवैद्याकडे जावे. प्रत्येक तिरळा डोळा या रोगाचा नसतो, पण तपासणी झालीच पाहिजे. वेळीच उपचार झाले तर बहुतेक मुलांचे प्राण वाचतात. पुष्कळदा डोळाही वाचतो. हैदराबादेच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत या रोगावर उपचार होतात. वेचणीचे दिवस आहेत म्हणून हे काम पुढे ढकलू नये. कापूस चार दिवस थांबेल. ही गाठ थांबत नाही.