कन्सोलला ओटीपी कुठून येणार?

धुळ्याला किंवा जळगावला गाडीची वाट बघताय, बॅगेत निन्टेन्डो स्विच आहे, पण नेट नाही? स्टेशनवर रेलटेलचं ‘रेलवायर’ वायफाय शोधा. रोज ३० मिनिटं फुकट, वेग १ एमबीपीएस. कन्सोलमध्ये सिम नसलं तरी अडत नाही. नेटवर्क निवडलं की स्विच लॉगिनचं पान समोर आणतो. तिथे मोबाइल नंबर द्यायचा, फोनवर आलेला ओटीपी टाकायचा. आता हिशोब करा. अर्ध्या तासात फार तर २२५ एमबी. छोटं अपडेट होईल. अख्खा गेम उतरवायला बसलात तर गाडी जाईल, राव!

स्वस्तात जुना डीएस मिळतोय म्हणून उड्या मारू नका. त्यात ब्राउझरच नाही, मग लॉगिन कसलं? फोनचा पासवर्डवाला हॉटस्पॉटही त्याला चालत नाही, कारण डीएसच्या गेम्सना फक्त जुनीपुराणी डब्ल्यूईपी सुरक्षा कळते.