वैद्यकीय कारणावरून लायसन्स गेलं? आधी लेखी कारण मागा

अर्धांगवायू, फिट येणं, अधू झालेली नजर अशा कारणांवरून लायसन्स गेलं की माणसाचं येणं-जाणं अडतं; रिक्षा-टेम्पो चालवणाऱ्याचं तर पोटच अडतं. अशा वेळी ऐकीव सल्ल्यावर विसंबून अनेक जण दाद मागण्याची मुदत गमावतात. म्हणून मोटार वाहन कायदा, 1988 काय सांगतो ते नीट पाहू.

गैरसमज : मोठा आजार झाला की लायसन्स आपोआप रद्द होतं.

वस्तुस्थिती : नुसत्या आजाराच्या नावावरून ते रद्द होत नाही. आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे धारक वाहन चालवायला अयोग्य आहे असं मानायला वाजवी कारण असेल, तरच कलम 16 नुसार परवाना प्राधिकारी ते रद्द करू शकतात किंवा वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतात. प्रमाणपत्र मागितलं म्हणजे लायसन्स गेलं असं नव्हे. ते वेळेत देणं हाच पहिला बचाव.

गैरसमज : खिडकीवर ‘होणार नाही’ म्हणाले, विषय संपला.

वस्तुस्थिती : लायसन्स नाकारायचं, नूतनीकरण थांबवायचं किंवा रद्द करायचं, तर कलम 17 नुसार कारणांसह लेखी आदेश द्यावाच लागतो. तो मिळाला नसेल तर अर्ज करून मागा आणि अर्जाची पोच घ्या. पुढची सगळी लढाई त्या आदेशात लिहिलेल्या कारणाशी असते.

गैरसमज : आरटीओचा शब्द शेवटचा.

वस्तुस्थिती : आदेश हातात पडल्यापासून 30 दिवसांत राज्याच्या नियमांनुसार नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येतं. तिथे तुमचं आणि कार्यालयाचं, दोघांचं म्हणणं ऐकूनच निर्णय द्यावा लागतो. हा निर्णय मूळ आदेश देणाऱ्या प्राधिकाऱ्यावर बंधनकारक असतो; तो तुमच्या विरोधात गेला, तरी घटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयाचं दार उघडं राहतं. आदेश मिळाल्याची तारीख मात्र त्याच दिवशी लिहून ठेवा.

गैरसमज : ‘तब्येत उत्तम’ असा डॉक्टरांचा दाखला पुरतो.

वस्तुस्थिती : आदेशातल्या कारणाला थेट उत्तर देणारा कागद हवा. प्रश्न नजरेचा असेल तर चष्म्यासह दृष्टी आणि दृष्टिक्षेत्र यांचा नेत्रतज्ज्ञांचा अहवाल. रक्तातली साखर घसरून भोवळ आली असेल तर साखरेच्या नोंदी आणि बदललेल्या औषधांची माहिती. अर्धांगवायूनंतर एक हात किंवा पाय कमजोर राहिला असेल, तर गरजेप्रमाणे बदल केलेल्या वाहनासाठी लायसन्स मागण्याची सोयही कायद्यात आहे. फिट्सच्या बाबतीत लढत अवघड असते. लायसन्सच्या अर्जासोबतच्या नमुना 1 मधल्या घोषणापत्रात त्याबद्दल थेट विचारलेलं असतं. तिथे खोटं लिहू नका; ते तुमच्या आणि इतरांच्याही जिवावर बेतू शकतं.

गैरसमज : रंगांधळ्या आणि कर्णबधिर व्यक्तींना लायसन्स मिळतच नाही.

वस्तुस्थिती : जून 2020 मध्ये नियम बदलले आणि सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असणाऱ्यांना वाट मोकळी झाली. कर्णबधिर व्यक्ती चाचणीत उत्तीर्ण झाली तर तिला लायसन्स नाकारता येणार नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलं.

गैरसमज : ड्रायव्हर अयोग्य ठरला की नोकरीही गेली.

वस्तुस्थिती : दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 20 नुसार, सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. एसटी महामंडळासारखी सार्वजनिक महामंडळंही यात येतात. रंगांधळा ठरलेल्या तेलंगणातल्या एका बसचालकाला पर्यायी काम न शोधताच निवृत्त केलं गेलं होतं. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला.

गैरसमज : अपील दाखल केलं की निकालापर्यंत गाडी चालवता येते.

वस्तुस्थिती : नुसत्या अपिलाने आदेशाला स्थगिती मिळत नाही. लायसन्स नसताना गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 181 खाली 5,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अन्यायाविरुद्ध जरूर लढा, पण कागदांनी आणि तपासण्यांनी. आपण सुरक्षितपणे गाडी चालवू शकतो हे सिद्ध करण्याचा हक्क तुमचा आहे. ते सिद्ध होईपर्यंत रस्त्यावरच्या माणसांना धोक्यात घालण्याचा हक्क कुणालाच नाही.