मेमरी गळतेय की साठवली जातेय?

लिनक्स सर्व्हरवर रिकामी मेमरी जवळजवळ संपलेली दिसली की अनेकांना गळतीची शंका येते. बहुतेक वेळा ती गळती नसतेच. डिस्कवरून वाचलेल्या फाइली पुन्हा लागतील म्हणून कर्नल मोकळ्या मेमरीत (कॅशमध्ये) ठेवून देतो आणि एखाद्या प्रोग्रॅमला जागा हवी झाली की सोडतो. म्हणून ‘फ्री’ कमांडमधला ‘अव्हेलेबल’ हाच रकाना पाहावा. त्यामागचा अंदाज २०१४च्या ३.१४ आवृत्तीपासून कर्नल स्वतःच देतो.

तरीही शंका उरली, तर आधी ‘सिंक’ कमांड चालवून मग कर्नलच्या ‘ड्रॉप कॅशेस’ या फाइलमध्ये ३ लिहून कॅश रिकामी करावी. त्यानंतरही कर्नलच्या स्वतःच्या वापरातल्या ‘स्लॅब’ मेमरीचा परत न मिळणारा भाग दिवसेंदिवस फुगत राहिला, तर कर्नल किंवा ड्रायव्हर तपासायला हवा. कॅश अशी रिकामी करणे फक्त तपासणीपुरते. वेळापत्रक लावून कॅश पुसत राहणे ही वाईट सवय आहे, त्याने यंत्र मंदच होते.

कधी सर्व्हर गोठतो, त्याचे कारण मात्र वेगळे. डिस्कवर उतरायचा मजकूर मर्यादेपलीकडे साचला की लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला कर्नल रोखून धरतो. डिस्कच प्रतिसाद देत नसेल, तर प्रोसेस ‘डी’ अवस्थेत अडकते आणि ‘किल’लाही दाद देत नाही. असे १२० सेकंद गेले, की बहुतेक ठिकाणी कर्नल लॉगमध्ये तिचा कॉल स्टॅक नोंदवतो. रीबूट करण्याआधी ती नोंद जपून ठेवा.