विश्लेषण : नावाजलेले गोल्फ कोर्स खेळाडूंना निराश का करतात? हिरवळीमागचे पाण्याचे गणित काय?

सेवाग्रामला पहिल्यांदा आलेले पाहुणे बापू कुटीसमोर क्षणभर गोंधळतात. माती, बांबू आणि कवेलूंची ती साधी कुटी पाहून ‘एवढीच?’ असा प्रश्न अनेकांच्या चेहऱ्यावर उमटतो. वर्धेकरांना ही प्रतिक्रिया नवी नाही. नाव जितके मोठे, तितकी मनातली कल्पना मोठी आणि प्रत्यक्ष भेटीत तितकाच गोंधळ मोठा. जगभरातील गोल्फपटूंमध्ये नेमक्या याच मुद्द्यावर अनेक वर्षे वाद सुरू आहे. कोणता गोल्फ कोर्स खरोखर उत्तम आणि कोणता केवळ नावावर चालतो? वरवर हौशी वाटणाऱ्या या वादात जमीन, पाणी, पैसा आणि प्रवेशाचा हक्क असे बरेच काही गुंतले आहे.

वाद नेमका काय आहे?

क्रिकेटची खेळपट्टी सगळीकडे २२ यार्डांची असते. गोल्फचे तसे नाही. या खेळात होलचा व्यास १०८ मिलिमीटर असावा, हे ठरलेले आहे. बाकी मैदान किती लांब, किती वळणाचे, कुठे तळे, कुठे वाळूचे खड्डे, हे सगळे आखणाऱ्यावर आणि जमिनीवर अवलंबून. त्यामुळे गोल्फमध्ये खेळाडूंइतकीच मैदानांचीही तुलना होते.

तक्रारी साधारण चार प्रकारच्या असतात. शुल्क भरमसाट, पण खेळ साधाच. टीव्हीवर दिसते तसे प्रत्यक्षात नाही. मैदान विनाकारण अवघड केले आहे. आणि चौथी, मैदान चांगले असेलही, पण आत सोडतच नाहीत. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील पेबल बीच हे पहिल्या तक्रारीचे नेहमीचे उदाहरण. १९१९ मध्ये सुरू झालेल्या या मैदानावर एका फेरीसाठी ६०० डॉलरहून अधिक मोजावे लागतात. समुद्राकाठचे होल अप्रतिम, पण आतल्या बाजूचे होल त्या मानाने सामान्य, असे तिथून परतलेले अनेक जण सांगतात.

टीव्हीची तक्रारही खरी आहे. दूरच्या लेन्समधून चित्रण केले, की चढ-उतार सपाट दिसतात. अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल मैदानावर पहिल्यांदा गेलेल्यांना तिथले चढ पाहून धक्का बसतो, तो याचमुळे.

क्रमवारी कोण ठरवते?

कोणतीही अधिकृत संस्था मैदानांची क्रमवारी लावत नाही. हे काम प्रामुख्याने गोल्फची नियतकालिके करतात. ‘गोल्फ डायजेस्ट’ने १९६६ मध्ये अमेरिकेतील २०० मैदानांची यादी काढली, तेव्हा निकष होता ‘सर्वात अवघड’ मैदानांचा. ‘सर्वोत्तम’ ही कल्पना पुढे आली. आता त्यांचे परीक्षक फटक्यांचे पर्याय, आव्हान, रचनेतील विविधता, वेगळेपण, सौंदर्य, निगा अशा निकषांवर १ ते १० गुण देतात.

यातील ‘निगा’ हा निकष लक्षात घेण्यासारखा आहे. मैदान किती हिरवे आहे, हे त्यात मोजले जात नाही. जमीन किती टणक आहे आणि चेंडू किती खरा घरंगळतो, हे पाहिले जाते. म्हणजे क्रमवारी लावणाऱ्यांनीही हिरवेपणाला मोठेपणाचे माप मानलेले नाही. पाहणाऱ्याच्या मनात मात्र ‘हिरवेगार तेच उत्तम’ हे समीकरण पक्के बसले आहे आणि बऱ्याचशा निराशेचे मूळ तिथेच आहे.

सगळ्यात जुने मैदानच आधी नापसंत?

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे ‘ओल्ड कोर्स’ ही गोल्फची पंढरी. पण पहिल्या भेटीत अनेकांना ते आवडलेले नाही. अमेरिकेचा सॅम स्नीड १९४६ मध्ये रेल्वेने तिथे पोहोचत होता. खिडकीतून दिसलेली जमीन त्याला एखाद्या सोडून दिलेल्या जुन्या मैदानासारखी वाटली. त्याच मैदानावर त्या वर्षीची ‘द ओपन’ स्पर्धा त्याने जिंकली.

बॉबी जोन्सची गोष्ट याहून बोलकी. १९२१ मध्ये तिसऱ्या फेरीत ११ व्या होलजवळच्या वाळूच्या खड्ड्यात तो अडकला आणि वैतागून त्याने स्पर्धाच सोडून दिली. १९२७ मध्ये तो परत आला आणि त्याच मैदानावर विजेता ठरला. पुढे १९५८ मध्ये त्या गावाने त्याला सन्माननीय नागरिकत्व दिले.

या मैदानावर झाडांच्या रांगा नाहीत, तळी नाहीत. लपलेले ११२ वाळूचे खड्डे आणि समुद्रावरून येणारा वारा हेच आव्हान. ते पहिल्या फेरीत उमगत नाही. एकदा खेळून काढलेला निष्कर्ष अनेकदा चुकतो, याचे हे उत्तम उदाहरण. आणखी एक गोष्ट म्हणजे हे मैदान कोणा खासगी क्लबच्या मालकीचे नाही. एक सार्वजनिक न्यास ते सांभाळतो, खेळण्यासाठी सोडत निघते आणि एरवी रविवारी खेळ बंद ठेवून गावकरी तिथे फिरायला येतात.

अवघड म्हणजे चांगले का?

हा प्रश्न भारतातही गाजला. गुरुग्राममध्ये दक्षिण आफ्रिकेचा दिग्गज खेळाडू गॅरी प्लेअर याने आखलेल्या मैदानावर २०१७ पासून इंडियन ओपन होऊ लागली. खोल खड्डे आणि उतरते ग्रीन यामुळे हे मैदान कौशल्य तपासते की नशीब, असा वाद लगेच सुरू झाला. २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या स्टीफन गॅलाकरने शेवटच्या फेरीत सातव्या होलवर तब्बल ८ फटके घेतले आणि तरीही स्पर्धा जिंकली. कारण मैदानाने इतरांनाही सोडले नव्हते.

मात्र याच मैदानावर २०१७ मध्ये एसएसपी चौरसिया सात फटक्यांच्या फरकाने जिंकला होता. चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये मैदानाची निगा राखण्याचे काम करत. ज्या मैदानाने लांब फटके मारणाऱ्या अनेक परदेशी खेळाडूंना हैराण केले, ते जवळच्या फटक्यांत तरबेज असलेल्या चौरसियाला मानवले. अवघडपणाही प्रत्येकासाठी सारखा नसतो, हे यातून दिसते.

तिथून जवळच असलेल्या दिल्ली गोल्फ क्लबची तऱ्हा उलटी. तिथे दोन्ही बाजूंना दाट झुडपे आणि मधोमध चिंचोळी वाट. ऑक्टोबर २०२५ मध्ये रोरी मॅकिलरॉयसारखे खेळाडू तिथल्या स्पर्धेत उतरले, तेव्हा सर्वात लांब फटक्याची ‘ड्रायव्हर’ ही काठी बाजूला ठेवण्याचाच विचार करावा लागला. कोणाला हे मैदान अरुंद वाटते, तर कोणाला डोके चालवायला लावणारे.

महाराष्ट्रात चित्र कसे आहे?

महाराष्ट्रात वाद मैदानाच्या दर्जापेक्षा प्रवेशाचा अधिक आहे. मुंबईतील विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब १९१८ चा, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. पुण्यात येरवड्याला पूना क्लबचे मैदान आहे. जुन्या शहरी मैदानांवर खेळायचे तर सभासदत्व किंवा सभासदाची ओळख लागते. सामान्य माणसाला ही मैदाने बहुधा कुंपणाबाहेरूनच दिसतात.

नवी मुंबईत सिडकोने खारघरच्या टेकड्यांच्या कुशीत उभारलेले मैदान याला अपवाद. सभासद नसतानाही शुल्क भरून तिथे खेळता येते. सुरुवातीला ते ११ होलचेच होते. ते १८ होलचे करण्याचे काम सिडकोने नंतर हाती घेतले. अपुरे मैदान म्हणून नाक मुरडणारे होते, तसे पहिल्यांदाच हातात गोल्फची काठी धरता आली म्हणून खूश असणारेही होते.

नाशिकमध्ये तर गोल्फ गेला आणि नाव उरले. तिथले हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान अनेक नाशिककर आजही ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणूनच ओळखतात. तिथे आता रणजी सामने होतात.

प्रवेशाचा प्रश्न जगातही सुटलेला नव्हता. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ७ ऑगस्ट २०२१ रोजी अदिती अशोकचे पदक एका फटक्याने हुकले, ते कासुमिगासेकी मैदानावर. या क्लबने महिलांना पूर्ण सभासदत्व देण्यास २०१७ मध्ये मान्यता दिली आणि तीही ऑलिम्पिक समितीच्या दबावानंतर.

हिरवे नसले तर चालते का?

चालते आणि उत्तम चालते. इंग्लंडमधील रॉयल लिव्हरपूल मैदान २००६ च्या उन्हाळ्यात वाळून पिवळे पडले होते. टायगर वुड्सने चार दिवसांत केवळ एकदाच ड्रायव्हर वापरून तिथे ‘द ओपन’ जिंकली. टणक जमिनीवर चेंडू किती घरंगळेल, याचा अंदाज हाच खेळ झाला होता.

अमेरिकेतील पाइनहर्स्ट क्रमांक २ या मैदानाने तर ठरवून हिरवळ कमी केली. २०१०-११ मध्ये ३५ ते ४० एकरांवरील गवत काढून तिथे मूळची वाळू आणि रानगवत येऊ दिले. पाण्याचा वापर त्यामुळे बराच घटला. २०१४ च्या यूएस ओपनमध्ये टीव्हीवर ते तपकिरी मैदान पाहून अनेकांनी नाके मुरडली. जाणकारांनी मात्र त्याचे स्वागत केले.

ऑस्ट्रेलियातील कूबर पेडी या खाणींच्या गावात गवताचे पातेही नसलेले मैदान आहे. उन्हाळ्यात दिवसा खेळणे अशक्य म्हणून तिथे रात्री चमकणाऱ्या चेंडूने खेळतात. खेळाडू हिरवळीचा छोटा तुकडा सोबत ठेवतात आणि त्यावर चेंडू ठेवून फटका मारतात. आपल्याकडेही कोरड्या भागांतील छोट्या मैदानांवर गवताच्या ग्रीनऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचे ‘ब्राऊन’ वापरले जात.

वर्ध्याच्या उन्हात हिरवळ राखायची तर किती पाणी लागेल?

हिशेब सोपा आहे. १८ होलच्या मैदानाला साधारण ५० ते ६० हेक्टर जागा लागते. त्यातील २० हेक्टरवरच पाणी द्यायचे ठरवले आणि उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी दिले, तर दिवसाला १० लाख लिटर होतात. म्हणजे १० हजार लिटरचे १०० टँकर. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटरचा निकष आहे. त्या हिशेबाने हे पाणी १८ हजार लोकांचे, म्हणजे दोन हजार वस्तीच्या नऊ गावांचे एका दिवसाचे पाणी झाले. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या जिल्ह्यात रोज ५ मिलिमीटर हा अंदाजही हात राखूनच धरलेला आहे.

दुसरी अडचण मातीची. गोल्फ जन्मला समुद्राकाठच्या वाळूवर, जिथे पाणी लगेच झिरपते. वर्ध्याची काळी कपाशीची जमीन पावसात फुगते, चिकटते आणि उन्हात भेगाळते. अशा जागी ग्रीन तयार करायचे तर खाली खडीचा थर आणि त्यावर सुमारे ३० सेंटिमीटर वाळू बाहेरून आणून टाकावी लागते. म्हणजे पाण्याबरोबर वाळूचाही प्रश्न आलाच.

गवत मात्र परके नाही. उष्ण प्रदेशातील मैदानांवर लावले जाणारे ‘बर्म्युडा’ गवत म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. मैदानांवर बहुधा तिचे संकरित वाण असतात. कपाशीत आली, की निंदून निंदून शेतकरी थकतो, तीच ही हरळी. ती उन्हाळ्यात वाळल्यासारखी दिसते, पण मरत नाही. पहिल्या पावसात पुन्हा फुटते. मे महिन्यात तिला हिरवी ठेवण्याचा अट्टहास सोडला, तर पाण्याचा मोठा खर्च वाचतो. उरलेल्या गरजेसाठी शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरता येते.

मग चांगले मैदान ओळखायचे कसे?

खेळणाऱ्यासाठी काही साध्या कसोट्या आहेत. दुसऱ्या दिवशी किती होल आठवतात? नवशिक्याला चेंडू न हरवता फेरी पूर्ण करता येते का आणि मुरलेल्याला तिथेच विचार करावा लागतो का? वारा बदलला, की खेळ बदलतो का? या प्रश्नांची उत्तरे ‘हो’ असतील, तर क्रमवारीत नाव नसले तरी मैदान चांगले.

मैदानाच्या आसपास राहणाऱ्यांसाठी प्रश्न वेगळे आहेत. पाणी कुठून येते? पिण्याच्या योजनेतून की प्रक्रिया प्रकल्पातून? जमीन सार्वजनिक असेल, तर शुल्क भरून कोणालाही खेळता येते का? स्थानिक मुलांना शिकण्याची सोय आहे का? आतापर्यंतच्या क्रमवाऱ्यांमध्ये या प्रश्नांना स्वतंत्र गुण नाहीत. विदर्भात कुठेही गोल्फ कोर्सचा प्रस्ताव आला, तर त्याची चित्रे नक्कीच हिरवीगार असतील. त्या चित्रांसोबत एप्रिल आणि मे महिन्यांतील पाण्याचा आराखडाही मागायला हवा.