शिक्षेची चूक आधी दिसली
अपिलाची वाट : लेखांक ४

सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, हे मागच्या लेखांकात पाहिले. पण दोषी ठरलेल्याच्या अपिलात नेमके तपासले काय जाते? खुनाच्या दोषसिद्धीविरुद्ध जाणाऱ्याच्या तक्रारी दोन असतात. गुन्हा मी केल्याचे सिद्धच झालेले नाही, ही पहिली आणि झाले असले तरी ही शिक्षा मला लागू होत नाही, ही दुसरी. प्रत्यक्षात दुसरीवर भरपूर चर्चा होते आणि तिच्या गर्दीत पहिली मागे पडते. हे किती घातक ठरू शकते, ते महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातून दिसते.

जून २००३ मध्ये शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांना मारण्यात आले, अत्याचारही झाले. भटक्या जमातींतल्या सहा गरीब मजुरांवर खटला चालला. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून उरलेल्यांची जन्मठेपेवर आणली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची अपिले फेटाळली आणि राज्य सरकारचे अपील मान्य करून सहाही जणांना पुन्हा फाशी सुनावली. या निकालाला आधार होता रावजी खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्याच आधीच्या निकालाचा. शिक्षा ठरवताना गुन्ह्याचे स्वरूपच पाहावे, गुन्हेगाराची परिस्थिती नव्हे, अशी त्याची भूमिका होती. बचनसिंग खटल्यातील १९८० चा घटनापीठाचा निर्णय मात्र दोन्ही बाजू तोलायला सांगतो. अवघ्या १३ दिवसांनी, १३ मे २००९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने बरियार खटल्यात स्पष्ट केले, की रावजीचा निकाल बंधनकारक निर्णय नजरेआड करून दिलेला आहे. त्याच्यावर विसंबलेल्या या निकालाचा पायाही त्यामुळे डळमळला. शिक्षेतली चूक दोन आठवड्यांच्या आत अशी दिसून आली.

दोषसिद्धीतली चूक उघड व्हायला मात्र ५ मार्च २०१९ उजाडावे लागले. न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष ठरवले. घटनेतून वाचलेल्या प्रमुख साक्षीदार महिलेने, घटना ताजी असतानाच, पोलिसांच्या संग्रहातील छायाचित्रांवरून चार वेगळ्याच इसमांना ओळखले होते. त्या चौघांवर खटला भरला गेला नाही. ही नोंद कोणी नव्याने शोधून आणलेली नव्हती, ती तपासाच्या कागदांतच होती. तीन पातळ्यांवर निकाल झाले, तरी तिला तिचे वजन कोणी दिले नाही. मला याचे एक कारण असे वाटते, की गुन्हा जितका भीषण, तितका न्यायालयाचा वेळ त्याच्या वर्णनात आणि शिक्षेच्या मापात जातो. पण क्रौर्याचे वर्णन म्हणजे आरोपीविरुद्धचा पुरावा नव्हे. ते कोणी केले, हा प्रश्न त्याने तसूभरही सुटत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. तीन न्यायालयांचे एकमत झाल्यावरही प्रकरण उघडायचे, तर निकालाला अंत कोणता? शिवाय कार्यपद्धतीतल्या प्रत्येक चुकीवरून निकाल उलटू नये, अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६५ मध्येच होती. चुकीमुळे खरोखर न्यायहानी झाली, तरच तो उलटवायचा. हे योग्यच आहे, आणि म्हणूनच इथले उदाहरण मोलाचे. साक्षीदाराने दुसऱ्याच माणसांना ओळखणे, हा तारखेचा किंवा शिक्क्याचा दोष नाही. एकमताचे म्हणाल, तर वरच्या न्यायालयाने साक्ष नव्याने वाचली असेल, तेव्हाच त्याला स्वतंत्र मत म्हणता येते. खालच्या निष्कर्षावर नुसती संमती दिली, तर तीन निकाल मिळूनही वाचन एकदाच झालेले असते. या सहा जणांचे प्रकरण पुन्हा उघडले तेही एका प्रक्रियात्मक सुधारणेमुळे. फाशीच्या फेरविचार याचिका तीन न्यायाधीशांपुढे, खुल्या न्यायालयात ऐकल्या जाव्यात, असा निर्णय २०१४ मध्ये मोहम्मद आरिफ खटल्यात झाला. त्याआधी त्या दालनात, वकिलाच्या युक्तिवादाविनाच निकाली निघत.

दुसरा आक्षेप पीडित कुटुंबाच्या बाजूने येतो, की आरोपीच्या हक्कांची एवढी चिंता असताना मेलेल्यांचे काय? तोही मनापासून ऐकायला हवा. पण चुकीच्या माणसांना तुरुंगात ठेवून मेलेल्यांना न्याय मिळत नाही. त्या चौघांचा माग त्याच काळात काढायला हवा होता. वर्षागणिक तो माग पुसट होत गेला.

या सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही फाशी सुनावल्यानंतर सिद्ध झाले. २०१९ च्या निकालाने प्रत्येकाला ५ लाख रुपये द्यायला आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांची जबाबदारी निश्चित करायला राज्य सरकारला सांगितले. पाच माणसांच्या हत्येबद्दल या खटल्यात अखेर कोणाचीही दोषसिद्धी टिकली नाही.