आडवी येते ती खाडी

दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडचं धोपावे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. धोपाव्याहून गुहागर जवळच. मधे आहे ती वाशिष्ठीची खाडी. फेरीबोट मिळाली तर काही मिनिटांचा मामला. शेवटची बोट चुकली तर खेड-चिपळूणवरून वळसा, म्हणजे शंभरेक किलोमीटर, तेही रात्रीचे आणि वळणावळणाचे. स्वतः गाडी चालवत, घरगुती मुक्काम करत कोकण किनारा उतरायचे बेत हल्ली घरोघरी होतात. त्यातले बरेच फसतात ते अशा एखाद्या धक्क्यावर, आणि त्यामागे असतात घट्ट बसलेल्या काही समजुती.

गैरसमज : मुंबई-गोवा महामार्ग धरला की समुद्र सोबतीला असतो.

हा महामार्ग, पूर्वीचा १७ आणि आताचा ६६ क्रमांकाचा, माणगाव, महाड, चिपळूण, लांजा, कणकवली असा आतून जातो. चिपळूणला पोचलेल्या माणसाला गुहागरचा समुद्र पाहायला आणखी ४०-४५ किलोमीटर पश्चिमेला जावं लागतं. किनाऱ्यालगतचा रस्ता वेगळा. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासूनची, पण रस्ता अजून सलग झालेला नाही. कुठे तो छान दुपदरी आहे, तर कुठे समोरून एसटी आली की गाडी नारळी-पोफळीच्या कुंपणाला टेकवावी लागते.

गैरसमज : ५० किलोमीटर म्हणजे तासाभराचा रस्ता.

सह्याद्रीतून निघालेली प्रत्येक मोठी नदी समुद्राला मिळताना खाडी होते आणि रस्ता तोडते. उत्तरेकडून दक्षिणेला येताना राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा-दिघी, सावित्रीवर बागमांडले-वेशवी, वाशिष्ठीवर दाभोळ-धोपावे आणि शास्त्रीवर तवसाळ-जयगड अशा गाड्या वाहणाऱ्या फेऱ्या लागतात. या बोटींना गावात ‘जंगलजेटी’ म्हणतात. काही वेळा गाडी रिव्हर्समध्ये चढवावी लागते, त्यामुळे नवख्या चालकाने टपावरचं सामान आधीच नीट बांधून घेतलेलं बरं.

खाड्यांवर पूल बांधण्याची कामं हाती घेतली आहेत. ते होईपर्यंत दिवसाचा हिशेब किलोमीटरवर न करता खाड्यांवर करावा: एका दिवशी एक खाडी, फार तर दोन. मुंबईकरांना तर सुरुवातही पाण्यावरूनच करता येते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि साधारण तासाभरात पलीकडे उतरवते. पहिला मुक्काम दिवेआगरला, दुसरा आंजर्ले-हर्णैला, तिसरा गुहागरला, चौथा गणपतीपुळ्याला, मग आरे-वारे, पावस करत देवगड-मालवणकडे. हा वेग कुणाला संथ वाटेल, पण त्यात धक्क्यावर घड्याळाकडे बघत बसावं लागत नाही. शेवटची बोट किती वाजता, एवढं मात्र त्याच दिवशी सकाळी विचारून घ्यायचं. ऋतू आणि हवेप्रमाणे वेळा बदलतात.

गैरसमज : ‘न्याहारी-निवास’ म्हणजे स्वस्तातलं लॉज.

कोकणात घरगुती मुक्काम रुजवण्यात पर्यटन विकास महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेचा वाटा मोठा आहे. केंद्र सरकारच्या अशाच योजनेत एका घरात जास्तीत जास्त ६ खोल्या देता येतात आणि मालकाचं कुटुंब तिथेच राहत असावं लागतं. म्हणजे स्वागतकक्ष नाही, रात्री अकराला ऑर्डर घेणारा वेटर नाही. रात्री दहाला पोचणार असाल तर दार उघडायला घरातल्या काकूच जाग्या राहणार असतात.

जेवण ‘सांगावं’ लागतं, तेही सकाळीच. नारळ खवायचा असतो, तांदळाची उकड काढायची असते. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी फोन करणं उत्तम. सकाळी खळ्यात बसलं की घावणे, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि चहा समोर येतो. तिथे मेनूकार्ड मागणारा पाहुणा घरात आठवडाभर चर्चेचा विषय होतो.

गैरसमज : कोकणात कुठेही उतरा, ताटात मासा असतोच.

गुहागर, मुरुड, आंजर्ले, केळशी इथल्या अनेक घरांत स्वयंपाक पूर्ण शाकाहारी असतो आणि बाहेरून आणलेली मासळीही आत चालत नाही. बिरड्या, फणसाची भाजी, अळू, आमसुलाचं सार यांवर ज्याचं भागतं त्याने तिथे जरूर राहावं. सुरमई-बांगड्याची ओढ असेल तर हर्णै, मालवणसारख्या गावांत मासे रांधणारं घर शोधावं. खोली ठरवताना हा प्रश्न सरळ विचारला तर मालकालाही बरं वाटतं.

गैरसमज : वाळू घट्ट आहे, गाडी थेट पाण्यापर्यंत नेता येते.

ओहोटीची ओली वाळू डांबरासारखी वाटते. पण गाडी थांबली की चाकं रुततात, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर ट्रॅक्टरने गाडी ओढून काढतानाचे फोटो फिरतात. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा ठोकताळा सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. दिवसाही आणि रात्रीही. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी सर्वांत वर चढतं.

शिवाय वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात वाळूत अंडी घालतात. चाकांखाली काय आहे ते वरून दिसत नाही.

गैरसमज : ओळखीतून मिळालेली कुठलीही गाडी भाड्याने चालते.

चालक नसलेली, स्वतः चालवायची भाड्याची गाडी तिच्या पाटीवरून ओळखू येते: काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असतील तर ती टॅक्सी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पैसे घेऊन देणं कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं तिथेच बोट ठेवते. गोव्यात उतरायचं असेल तर दुसऱ्या राज्यात गाडी नेण्याची मुभा लेखी मागून घ्यावी.

गैरसमज : सुट्टी मिळेल तेव्हा निघावं, कोकण बारा महिने सारखंच.

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीही बंद राहते. तरी सड्यांवरचं गवत आणि भरून वाहणारे वहाळ पाहायचे तर हेच दिवस. आंबा हवा असेल तर एप्रिल-मे, पण तेव्हा उकाडा आणि गर्दी दोन्ही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गाडी चालवायला सर्वांत सुखाचे महिने.

भाद्रपदात मात्र फोन करूनही उपयोग नसतो. एरवी पाहुण्यांना मिळणाऱ्या खोलीत तेव्हा मुंबईहून गणपतीला आलेले घरचेच चाकरमानी सतरंज्या पसरून झोपलेले असतात.